चिप घडण्यापूर्वीची परीक्षा

मोहाची फुले पडू लागली, की चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील अनेक गावांत माणसे उजाडण्यापूर्वीच रानाची वाट धरतात. पाठोपाठ तेंदूपानांचा हंगाम येतो. जंगलाच्या कडेला वाघ आणि माणूस समोरासमोर येण्याचा धोका या दिवसांत अधिक असतो, आणि त्यात माणसांचे बळी जातात. यावरील उपायांचा एक भाग म्हणून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रातील सीतारामपेठ या गावाजवळ २०२३ साली कॅमेऱ्यांची 'आभासी भिंत' उभारण्यात आली. कॅमेऱ्यासमोर आलेला प्राणी वाघ आहे की गाय, हे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने ओळखून गावाला वेळीच सावध करायचे, ही त्यामागील कल्पना.

अशाच कामासाठी एखादे छोटे, स्वतंत्र उपकरण नव्याने घडवायचे आहे, असे क्षणभर समजू. ते झाडाला बांधलेले असेल, बॅटरीवर चालेल, आणि मोबाइलची रेंज नसलेल्या रानात असल्यामुळे छायाचित्र दूरच्या मोठ्या संगणकाकडे पाठवून उत्तराची वाट पाहण्याची सोय त्याला नसेल. निर्णय जागच्या जागी घ्यावा लागेल. मग त्यातील प्रोसेसर किती वेगाचा हवा? त्याच्याजवळ मेमरी किती हवी? ती कमी पडली तर इशारा उशिरा जाईल. वाजवीपेक्षा अधिक दिली तर किंमत वाढेल आणि बॅटरी लवकर उतरेल.

चिप बनवून पाहणे हा या प्रश्नाचा व्यवहार्य मार्ग नाही. सिलिकॉनवर एकदा उतरलेल्या रचनेत खाडाखोड करता येत नाही. आयआयटी मुंबईत प्रा. माधव देसाई यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेला 'अजित' हा प्रोसेसर २०१९ मध्ये जाहीर झाला; त्याची चिप मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटर तंत्रज्ञानाने घडविण्यात आली होती. कोणत्याही प्रोसेसरचा आराखडा कारखान्यात गेल्यापासून चिप हाती येईपर्यंत काही महिने जातात, आणि चूक निघाली तर तोच फेरा पुन्हा करावा लागतो. म्हणूनच आराखडा कागदावर असतानाच त्याची परीक्षा घेण्याचे एक साधन संगणकशास्त्राने तयार केले आहे. त्याचे नाव सिम्युलेटर.

नसलेल्या संगणकाची नक्कल

सिम्युलेटर म्हणजे साध्या संगणकावर चालणारा असा प्रोग्राम, जो दुसऱ्या, कदाचित अद्याप अस्तित्वातच नसलेल्या संगणकाची नक्कल करतो. एखादा प्रोग्राम त्या दुसऱ्या संगणकावर चालून बरोबर उत्तर देईल का, एवढेच पाहायचे असेल तर इम्युलेटर पुरतो. रचनेचा सिम्युलेटर त्यापुढे जातो. तो घड्याळाच्या ठोक्यांचा हिशेब ठेवतो. अमुक आज्ञा कधी आली, ती कशासाठी अडली, मेमरीतून माहिती यायला किती ठोके लागले, हे सारे तो नोंदवितो.

हा हिशेब महत्त्वाचा का, हे समजण्यासाठी घरातील स्वयंपाकघर पाहावे. मिसळणाचा डबा हाताशी असतो, डाळ-तांदळाचे डबे फडताळात आणि धान्याची पोती कोठीच्या खोलीत. फोडणी तडतडत असताना दर चिमटीसाठी कोठीत जावे लागले, तर स्वयंपाक होणारच नाही. प्रोसेसरचेही तसेच आहे. त्याच्या अगदी जवळ 'कॅश' नावाची छोटी, वेगवान मेमरी असते. तेथील माहिती काही ठोक्यांत मिळते. मुख्य मेमरीपर्यंत जावे लागले, तर वेगवान प्रोसेसरला शंभर-दोनशे ठोके थांबावे लागू शकते. म्हणून कॅश किती मोठी असावी आणि तिची मांडणी कशी असावी, यावर उपकरणाचा खरा वेग ठरतो.

या क्षेत्रात आज सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या सिम्युलेटरांपैकी एक म्हणजे 'जेम फाइव्ह'. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचा 'एम फाइव्ह' आणि विस्कॉन्सिन विद्यापीठाचा 'जेम्स' या दोन प्रकल्पांच्या संयोगातून तो जन्मला आणि २०११ मध्ये त्याची शोधनिबंधाद्वारे ओळख करून देण्यात आली. तो मुक्तस्रोत, म्हणजे ओपन सोर्स आहे. त्याचा संपूर्ण मजकूर कोणीही उतरवून घ्यावा, वाचावा, बदलावा. विद्यापीठांबरोबर मोठ्या चिप कंपन्यांचे अभियंतेही त्यात भर घालत आले आहेत. भारतातही आयआयटी दिल्लीत प्रा. स्मृती रंजन सारंगी यांच्या गटाने 'तेजस' हा मुक्तस्रोत सिम्युलेटर जावा भाषेत लिहिला आहे.

मांडणी म्हणजेच प्रश्न

जेम फाइव्हमधील प्रोसेसर, कॅश, मेमरी इत्यादी घटकांचे वर्तन सी प्लस प्लस भाषेत लिहिलेले आहे. ते घटक एकमेकांना कसे जोडायचे, हे मात्र पायथॉन भाषेतील एका फाइलमध्ये सांगायचे असते. प्रोसेसर कोणत्या प्रकारचा, घड्याळ किती वेगाचे, कॅश किती किलोबाइटची, मुख्य मेमरी कोणती, हे सारे तेथे लिहावयाचे. एखादा आकडा बदलला, की नवा संगणक तयार. मूळ सिम्युलेटर पुन्हा बांधण्याचीही गरज नाही. प्रयोग संपल्यावर निकालांची एक फाइल मिळते, आणि कोणत्या मांडणीवर हा निकाल आला याची संपूर्ण नोंद दुसऱ्या फाइलमध्ये आपोआप होते.

आकडे बदलणे एवढे सोपे असेल, तर त्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे वाटेल. त्याचे उत्तर आपल्या रानातील कॅमेऱ्याच्या उदाहरणातून मिळते.

समजा, छायाचित्र ६४० बाय ४८० ठिपक्यांचे आणि कृष्णधवल आहे. प्रत्येक ठिपक्याला एक बाइट, म्हणजे एकूण ३,०७,२०० बाइट. कॅश ३२ किलोबाइटची आहे, आणि मुख्य मेमरीतून माहिती ६४ बाइटच्या तुकड्यांत आणली जाते. छायाचित्राच्या एका आडव्या ओळीत ६४० बाइट, म्हणजे नेमके १० तुकडे. चित्र आडव्या ओळींनी वाचत गेले, तर एक तुकडा आणल्यावर ६४ ठिपक्यांचे काम भागते. संपूर्ण चित्रासाठी मुख्य मेमरीकडे ४,८०० फेऱ्या होतात.

परंतु चित्रातील खडबडीतपणा घालविण्याच्या अनेक पद्धतींत तेच चित्र उभ्या स्तंभांनीही वाचले जाते. एका स्तंभात ४८० ठिपके, आणि प्रत्येक ठिपका वेगळ्या तुकड्यात. ४८० तुकडे म्हणजे ३० किलोबाइट. कॅश ३२ किलोबाइटची आहे, जागा पुरते. शेजारचा स्तंभही बहुधा त्याच तुकड्यांत असल्यामुळे ते कॅशमध्येच सापडतील आणि फेऱ्या ४,८०० च राहतील, असा कोणाचाही अंदाज असेल.

सिम्युलेटरवर नेहमीच्या मांडणीची कॅश घेऊन हा प्रयोग केला, की अंदाज कोसळतो. फेऱ्या ३,०७,२०० होतात, म्हणजे प्रत्येक ठिपक्यासाठी एक. अपेक्षेच्या ६४ पट!

याचे कारण कॅशच्या रचनेत आहे. टपाल कचेरीत पत्रे लावण्यासाठी खणांची मांडणी असते, तशी ही कॅश ६४ खणांची आहे आणि प्रत्येक खणात ८ तुकड्यांची जागा आहे. कोणता तुकडा कोणत्या खणात जाणार, हे त्याच्या क्रमांकावरून ठरलेले असते. शेजारचा खण रिकामा आहे म्हणून तेथे बसता येत नाही. स्तंभ वाचताना आपण दर वेळी १० तुकडे पुढे जातो. ६४ खणांच्या वर्तुळात दहा-दहाच्या उड्या मारल्या, तर एकाआड एक असे केवळ ३२ खण गाठले जातात. उरलेले ३२ खण रिकामे राहतात. ३२ खणांत २५६ जागा आणि उमेदवार ४८०. प्रत्येक खणात ८ जागांसाठी १५ तुकडे भांडत असतात. सर्वांत जुना तुकडा बाहेर काढायचा, असा नियम असल्यामुळे स्तंभ संपवून पुन्हा वर येईपर्यंत पहिला तुकडा केव्हाच बाहेर फेकला गेलेला असतो.

यावर दोन उपाय आहेत. कॅश दुप्पट, म्हणजे ६४ किलोबाइटची करावी. खण १२८ होतात, त्यांपैकी ६४ वापरले जातात, जागा ५१२ मिळतात आणि फेऱ्या ४,८०० वर येतात. पण त्यासाठी चिपवर अधिक जागा आणि अधिक वीज मोजावी लागेल. दुसरा उपाय विनाखर्चाच्या जवळ जाणारा आहे. मुख्य मेमरीत चित्र साठविताना प्रत्येक ओळीच्या शेवटी ६४ बाइट जागा रिकामी सोडायची. आता उडी दहाची न राहता अकराची होते. ११ आणि ६४ यांना सामाईक विभाजक नसल्याने सर्व ६४ खण गाठले जातात, जागा ५१२ होतात, आणि त्याच ३२ किलोबाइटच्या कॅशमध्ये ४८० तुकडे सुखाने मावतात. मुख्य मेमरीतील ३० किलोबाइट जागा वाया गेली, एवढीच किंमत.

हे एक चित्र, एक कॅश आणि एकच काम असल्यामुळे हिशेब कागदावर मांडता आला. खऱ्या प्रोग्राममध्ये अशी शेकडो कामे एकमेकांत गुंतलेली असतात, कॅशचे दोन-तीन स्तर असतात. तेथे कागद पुरत नाही. कॅश वाढवावी की प्रोग्राम सुधारावा, हा लाखमोलाचा निर्णय घेण्याआधी दोन्ही पर्याय चालवून पाहण्याची सोय सिम्युलेटर देतो.

नवा भाग जोडताना

हवी ती गोष्ट सिम्युलेटरमध्ये नसेलच तर काय? मुक्तस्रोताचा खरा उपयोग येथे दिसतो. जेम फाइव्हमध्ये नवा घटक जोडायचा तर पायथॉनमध्ये त्याची ओळख आणि बदलता येणारे आकडे जाहीर करायचे, सी प्लस प्लसमध्ये त्याचे वर्तन लिहायचे, बांधणीच्या यादीत त्याचे नाव घालायचे आणि सिम्युलेटर पुन्हा बांधायचा. कोणाची परवानगी लागत नाही, शुल्क द्यावे लागत नाही.

'चॅम्पसिम' हा दुसरा मुक्तस्रोत सिम्युलेटर याहून आटोपशीर आहे. तो प्रोग्राम प्रत्यक्ष चालवीत नाही. आधीच चाललेल्या प्रोग्रामच्या आज्ञांची नोंद, म्हणजे 'ट्रेस', तो वाचतो. नव्या कल्पनेसाठी एक फोल्डर करून त्यात ठरावीक नावांची काही फंक्शन लिहायची आणि मांडणीच्या फाइलमध्ये त्या फोल्डरचे नाव द्यायचे, की काम झाले. त्याचा विशेष उपयोग 'प्रीफेचर' तपासण्यासाठी होतो. प्रोसेसरला पुढे कोणती माहिती लागेल, याचा अंदाज घेऊन ती आधीच कॅशमध्ये आणून ठेवणारा हा भाग. जेवणाऱ्याने मागण्यापूर्वीच ताटातली कोशिंबीर संपत आल्याचे ओळखणाऱ्या वाढप्यासारखा. अंदाज चुकला, तर मात्र नको असलेली माहिती कॅशमधील जागा अडविते.

२०१९ मध्ये प्रीफेचरांची तिसरी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा सर्व स्पर्धकांसाठी चॅम्पसिम हेच समान मैदान होते. मांडणी सर्वांना सारखी, चाचण्या सारख्या. स्पर्धकाने फक्त आपला प्रीफेचर आणायचा. या स्पर्धेत सॅम्युएल पाकलपाटी आणि बिस्वबंदन पांडा या भारतीय जोडीची रचना विजेती ठरली. माहिती मागणाऱ्या आज्ञांची त्यांच्या सवयीनुसार वर्गवारी करायची आणि प्रत्येक वर्गासाठी वेगळा, छोटा अंदाजी नेमायचा, ही तिची युक्ती. पांडा तेव्हा आयआयटी कानपूरला होते. पुढे ते आयआयटी मुंबईत आले. तेथून स्पेनमधील संशोधकांच्या साथीने २०२२ मध्ये मांडलेला 'बर्टी' हा प्रीफेचरही चॅम्पसिमवरच पारखला गेला. मुंबई आणि स्पेन येथील माणसे एकाच मांडणीवर एकच प्रयोग करून एकमेकांचे आकडे पडताळू शकली, हे मुक्तस्रोतामुळे शक्य झाले.

आकड्यांचे सापळे

सिम्युलेटरचा मोठा दोष म्हणजे त्याचा संथपणा. तो सेकंदाला दोन लाख आज्ञा तपासतो असे धरले, तर एक लाख कोटी आज्ञांच्या प्रोग्रामला ५० लाख सेकंद, म्हणजे जवळपास ५८ दिवस लागतील. म्हणून संपूर्ण प्रोग्राम न तपासता त्याचे निवडक भाग तपासतात. व्याघ्रगणनेत हीच पद्धत असते. रानातला प्रत्येक वाघ कोणी मोजत नाही. जंगलाचे दोन चौरस किलोमीटरचे चौकोन पाडून त्यांत कॅमेऱ्यांच्या जोड्या लावतात, पट्ट्यांवरून वाघ ओळखतात आणि न टिपलेल्या वाघांचा अंदाज संख्याशास्त्राने बांधतात. प्रोग्रामच्या बाबतीत हे काम 'सिमपॉइंट' ही २००२ मध्ये मांडली गेलेली पद्धत करते. प्रोग्रामचे सारख्या वर्तनाचे तुकडे एकत्र करून प्रत्येक गटातील एक प्रतिनिधी ती निवडते. कॅमेरे फक्त पाणवठ्यावर लावले तर गणना फसेल. प्रोग्रामचा फक्त आरंभीचा भाग तपासला तरी तसेच होईल.

प्रतिनिधी तुकडा मधूनच सुरू होतो, त्या वेळी कॅश रिकामी असते. खऱ्या संगणकात ती भरलेली असती. म्हणून आधी काही कोटी आज्ञा नुसत्या चालवून कॅश 'तापवून' घ्यावी लागते आणि मगच मोजणी सुरू करायची असते. ही पायरी गाळली, तर चांगली रचनाही वाईट दिसू शकते.

नवख्यांना चकविणारा आणखी एक सापळा जेम फाइव्हमध्ये आहे. त्यातील सर्वांत साधे, वेगवान प्रोसेसर-प्रतिमान 'ॲटॉमिक' या नावाचे आहे. नेहमीच्या स्थितीत ते मेमरीसाठी थांबण्याचा वेळ हिशेबात घेतच नाही. त्यावर कॅश १६ किलोबाइटची ठेवा की ६४ ची, लागणारा वेळ तोच दिसतो. कॅशचा आकार महत्त्वाचा नाही, असा निष्कर्ष त्यावरून कोणी काढला, तर दोष सिम्युलेटरचा नाही. त्याला तो प्रश्न विचारलाच गेला नव्हता. निकालाच्या फाइलमध्ये दोन प्रकारचे सेकंदही असतात. नक्कल केलेल्या संगणकावर प्रोग्रामला लागलेले सेकंद वेगळे आणि आपल्या टेबलावरील संगणकाने नक्कल करण्यासाठी घेतलेले सेकंद वेगळे. या दोहोंची गल्लत झाली, की रानातल्या उपकरणाचा वेग म्हणून भलताच आकडा अहवालात जातो.

म्हणूनच सिम्युलेटरवरील निकालासोबत मांडणीची फाइलही प्रसिद्ध करणे, ही या क्षेत्रातील चांगली शिस्त मानली जाते. वाचणाऱ्याने तीच मांडणी आपल्या संगणकावर चालवावी आणि आकडा जुळतो का ते पाहावे.

चंद्रपूरला काय मिळेल?

भारतात प्रोसेसर घडविण्याच्या प्रयत्नांना अलीकडच्या काळात वेग आला आहे. आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि सी-डॅकचा 'वेगा' ही त्यातील ठळक नावे. दोन्ही 'रिस्क-फाइव्ह' या खुल्या आज्ञासंचावर आधारलेली आहेत, आणि या आज्ञासंचाला चालना देणारा केंद्र सरकारचा कार्यक्रम २०२२ मध्ये जाहीर झाला. जेम फाइव्हला हा आज्ञासंच कळतो. म्हणजे उद्या अशा प्रोसेसरभोवती रानातल्या कॅमेऱ्याचे उपकरण रचायचे झाले, तर त्याच्या कॅशचा, मेमरीचा आणि त्यावरील प्रोग्रामचा विचार चिप हाती येण्यापूर्वीच सुरू करता येतो.

चिप घडविणारा कारखाना चंद्रपूरजवळ नाही. पण सिम्युलेटरला कारखाना लागत नाही. लिनक्स असलेला एक साधा संगणक, पायथॉन, सी प्लस प्लसचा कंपायलर आणि चिकाटी, एवढे भांडवल पुरते. जेम फाइव्ह बांधताना कमी मेमरीचा संगणक दमतो आणि बराच वेळ घेतो. चॅम्पसिम मात्र बेताच्या संगणकावरही बांधता येतो. ट्रेसच्या फाइली मोठ्या असतात, पण त्या एकदा उतरवून घेतल्या की प्रयोगांना इंटरनेटची गरज उरत नाही. वीज आणि रेंज यांचा भरवसा नसलेल्या भागात ही गोष्ट लहान नव्हे. चंद्रपूरला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ पासून आहे, गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून. तेथील विद्यार्थ्याला मुंबईतील किंवा स्पेनमधील संशोधक वापरतो तेच साधन, त्याच दिवशी, विनामूल्य मिळू शकते.

शिवाय एक गोष्ट त्याच्याकडे अधिक असते. सिम्युलेटरवरील चाचण्यांसाठी जगभर ठरावीक प्रोग्राम वापरले जातात. त्यांत मोहाच्या झाडाखालचा अंधुक उजेड, पावसाने भिजलेली काच किंवा पळसाआडून अर्धाच दिसणारा पट्टेरी पाठीचा भाग ओळखण्याचे काम नसते. उपकरणाला प्रत्यक्षात काय पाहावे लागणार आहे, हे रानाशेजारी राहणाऱ्याला ठाऊक असते. ते काम प्रोग्राममध्ये उतरवून, त्याची ट्रेस काढून सिम्युलेटरसमोर ठेवणे, हीही त्या साधनात घातलेली मोलाची भर आहे. पहाटेच्या अंधारात मोह वेचायला निघालेल्या बाईपर्यंत इशारा वेळेवर पोहोचेल का, या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची सुरुवात तेथूनच व्हायला हवी.